चिनीचे पहिले सत्र : खान्देशातल्या विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी

जळगावच्या ज्या महाविद्यालयात माझे पदवीचे शिक्षण झाले, तेथे नेहमीचे तास संपल्यावर आठवड्यातून तीन दिवस चिनी भाषेचा प्रमाणपत्र वर्ग भरत असे. मी यावलहून एसटीने ये-जा करत असे आणि संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून वर्ग सुटताच धावत स्थानकावर पोहोचत असे. पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती निस्तरायला पुढचे दोन महिने लागले. फळ्यावर रोमन लिपीत लिहिलेला प्रत्येक चिनी शब्द मी इंग्रजी शब्दासारखा वाचत होते. ज्या वर्णमालेच्या आधारे हे उच्चार कितीतरी लवकर बसले असते, ती पहिलीच्या वर्गापासून माझ्या जिभेवर होती. पण परदेशी भाषा म्हटली की तिचा रस्ता इंग्रजीतूनच जातो, असे मी न विचारताच धरून चालले होते. ज्यांना यंदा चिनीचा वर्ग लावायचा आहे, त्यांनी सुरुवात मराठीच्या बाजूने करावी. ती कशी करायची, ते पुढे क्रमाने सांगते.

चिनी लिपीत अक्षरमाला नाही, म्हणून उच्चार दाखवण्यासाठी रोमन अक्षरांची एक पद्धत वापरतात. तिला 'फिनयिन' म्हणतात. चीनने ती १९५८ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली आणि ती घडवण्यात मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक असलेले चोउ योउक्वांग यांचा मोठा वाटा होता. या पद्धतीतली अक्षरे इंग्रजी दिसतात, त्यांचे उच्चार मात्र इंग्रजी नाहीत. चिनीच्या प्रमाण बोलीत आपल्यासारखे ग, ड, द, ब हे घोष वर्ण नाहीतच. तेथे 'बी' हे अक्षर 'प' साठी आणि 'पी' हे अक्षर 'फ' साठी, 'डी' हे 'त' साठी आणि 'टी' हे 'थ' साठी, 'जी' हे 'क' साठी आणि 'के' हे 'ख' साठी वापरतात. म्हणजे फरक अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे, आणि तो फरक आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. चीनच्या राजधानीचे नाव आपण इंग्रजी स्पेलिंगवरून 'बीजिंग' असे वाचतो. तेथील माणूस ते 'पेइचिंग'च्या जवळ म्हणतो. उलट 'ताओ' हा शब्द मराठीत पूर्वीपासून बरोबर लिहिला जातो, जरी आज फिनयिनमध्ये तो 'डी'ने सुरू होत असला तरी.

येथे एक सावधगिरी हवी. आजकाल आपल्यापैकी बरेच जण 'फूल' म्हणताना ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि इंग्रजी 'एफ'सारखा आवाज काढतात. चिनीत हे दोन्ही आवाज वेगळे आहेत, त्यामुळे 'फ' दोन्ही ओठ मिटवूनच काढावा लागतो. त्याची परीक्षा सोपी आहे. एसटीचे यंत्रातून निघालेले पातळ तिकीट ओठांसमोर चार बोटांवर उभे धरावे आणि आधी 'पा', मग 'फा' म्हणावे. पहिल्या वेळी तिकीट स्थिर राहिले आणि दुसऱ्या वेळी थरथरले, तर उच्चार बरोबर आहे. 'ता-था' आणि 'का-खा' यांचीही अशीच परीक्षा घ्यावी. मी परतीच्या प्रवासात खिडकी बंद करून हे रोज करत असे.

दुसरी गोष्ट मराठीचीच खास आहे. 'चाक' या शब्दातला 'च' आणि 'चिंच' या शब्दातला 'च' आपण वेगळे उच्चारतो, जरी लिहिताना एकच अक्षर वापरत असलो तरी. चिनीलाही हे दोन्ही लागतात. 'झेड' हे अक्षर चाकातल्या 'च' साठी आहे आणि 'जे' हे अक्षर चिंचेतल्या 'च' साठी. त्यांचे महाप्राण जोडीदार अनुक्रमे 'सी' आणि 'क्यू' या अक्षरांनी दाखवतात. ('क्यू' दिसले की 'क' म्हणण्याची सवय सगळ्यांत चिवट असते, ती पहिल्या आठवड्यातच मोडावी.) 'एक्स' म्हणजे शहामृगातला 'श'. 'झेड-एच', 'सी-एच' आणि 'एस-एच' यांसाठी जीभ 'ट'च्या जागी, म्हणजे टाळूच्या वरच्या भागाकडे वळवावी लागते. व्याकरणाच्या पुस्तकात मूर्धन्य म्हणून शिकलेला आणि बोलताना आपण विसरून गेलेला 'ष' येथे खराखुरा वापरायचा आहे. तोच 'ष' म्हणत असताना घशातून आवाज सुरू केला की 'आर' या अक्षराचा चिनी उच्चार मिळतो.

सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या चिनी प्रवाशाचे नाव आपण शाळेत 'ह्युएन त्संग' असे पाठ केले. त्याच्या प्रवासवर्णनातला डोंगरातल्या विहाराचा उल्लेख अजिंठ्याचा असावा, असे अभ्यासक मानतात. आणि अजिंठा जळगावहून किती जवळ आहे, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ते नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने आपल्यापर्यंत आले, म्हणून असे झाले. आजच्या फिनयिनमधून ते थेट मराठी कानाने वाचले, तर पहिला भाग 'श्युएन' होतो आणि दुसरा भाग 'चांग', त्यातला 'च' चाकातला. वर्गात मी हे नाव पहिल्यांदा नीट म्हटले, तेव्हा या भाषेत आपल्याला गती येऊ शकते असे मला वाटले.

काही आवाज मात्र मराठीत नाहीत आणि ते शिकावेच लागतात. एक स्वर असा आहे की त्यासाठी तोंडात 'ई' म्हणायची आणि ओठांचा चंबू मात्र 'ऊ'चा ठेवायचा. वर आलेल्या 'श्युएन'मध्ये तोच स्वर आहे. दुसरे असे की 'स', 'ष', चाकातला 'च' आणि जीभ वळवून म्हटलेला 'च' यांच्यापुढे लिहिलेला 'आय' हा 'ई' नसतो, तर केवळ व्यंजन लांबवल्यासारखा असतो. चार या अंकाला 'सऽ' म्हणतात, 'सी' नव्हे; दहाला 'षऽ' म्हणतात, 'शी' नव्हे. देवनागरीत हे सगळे नेमके लिहिता येत नाही. म्हणूनच माझा सल्ला असा आहे की पहिले दोन आठवडे वहीत फिनयिनच्या खाली देवनागरी उच्चार लिहावेत, त्यानंतर ते लिहिणे पूर्ण थांबवावे. देवनागरीचा उपयोग जीभ योग्य जागी नेण्यापुरता आहे. ती कायमची टेकू झाली, तर सूर हातातून निसटतात.

आता सुरांविषयी, कारण नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळ येथेच जातो आणि जायलाही हवा. प्रमाण चिनीत चार सूर आहेत आणि पाचवा हलका, सूर नसलेला उच्चार आहे. प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी दिले जाणारे उदाहरण म्हणजे 'मा': पहिल्या सुरात आई, दुसऱ्या सुरात ताग किंवा अंबाडी यांसारखी वाखाची वनस्पती, तिसऱ्या सुरात घोडा, चौथ्या सुरात शिवी देणे. खान्देशातल्या विद्यार्थ्याला मी त्याऐवजी 'माय' हा शब्द घ्यायला सांगेन. घरी आपण आईला माय म्हणतोच. चिनीत 'माय' तिसऱ्या सुरात म्हटले तर त्याचा अर्थ विकत घेणे, आणि चौथ्या सुरात म्हटले तर विकणे. रावेर-सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याच्या तोंडी हा सूर चुकला तर व्यवहाराची दिशाच उलटते, हे एकदा डोळ्यांसमोर आणले की सूर ही शोभेची गोष्ट नसून शब्दाचाच भाग आहे, हे पटते.

हे सूर मराठी बोलण्यातही सापडतात, फक्त आपण ते शब्दाला बांधलेले नसतात. पहिला सूर म्हणजे गाणाऱ्याने लावून धरलेला वरचा 'सा', हलू न देता. दुसरा सूर म्हणजे समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही की आपण 'काय?' असे विचारतो, तो वर चढणारा आवाज. चौथा सूर म्हणजे 'बस!' किंवा 'चल!' अशी तोडून केलेली आज्ञा, वरून खाली एका झटक्यात. तिसऱ्याबद्दल पुस्तके सांगतात की तो खाली जातो आणि पुन्हा वर येतो. पण सलग बोलताना तो बहुधा वर येतच नाही, नुसता खालीच राहतो. नाइलाजाने होकार देताना आपण घशात दाबून 'हं' म्हणतो, तो त्याच्या जवळचा आहे. मी तीन आठवडे प्रत्येक तिसऱ्या सुराला हेलकावा देत होते आणि माझे वाक्य कोणालाही कळत नव्हते. शिक्षिकेने फक्त 'खाली ठेव' एवढेच सांगितले आणि त्या दिवसापासून फरक पडला. दोन तिसरे सूर शेजारी आले की त्यांतला पहिला दुसऱ्या सुरात म्हणायचा, हा नियमही तेव्हाच पाठ करावा. 'नी हाओ' या रोजच्या अभिवादनातच तो लागतो.

सुटा सूर बरोबर येतो आणि जोडीत चुकतो, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून सराव जोड्यांचा करावा. पहिल्या शब्दांशाचे चार आणि दुसऱ्याचे, हलका धरून, पाच, अशा वीस जोड्या होतात; प्रत्येक जोडीसाठी धड्यातला एक शब्द निवडावा आणि ते वीस शब्द रोज एकदा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत. आपला आवाज आणि पुस्तकासोबतचा आवाज एकामागोमाग ऐकला की चूक कोठे आहे ते शिक्षकाशिवायही कळते. दुसरी एक सवय विशेष लक्षात ठेवावी: आपण प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेतो आणि ते चिनी बोलतानाही नकळत होते, त्यामुळे शेवटच्या शब्दाचा सूर बदलतो. प्रश्न वाक्याच्या अर्थातून कळू द्यावा. आवाज जेथे आहे तेथेच ठेवावा.

ज्यांच्या घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलली जाते, त्यांनी तर अजिबात बिचकू नये. घरात 'केयी' आणि शाळेत 'केळी', घरात 'डोया' आणि शाळेत 'डोळा' असे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. एकाच गोष्टीसाठी जीभ दोन जागी ठेवण्याचे आणि समोर कोण आहे हे पाहून ती बदलण्याचे हे कौशल्य परक्या भाषेत थेट उपयोगी पडते. माझ्या वर्गात उच्चार सर्वांत लवकर साधलेली मुलगी घरी केवळ अहिराणी बोलणारी होती आणि पहिल्या दिवशी तिलाच आपल्या बोलण्याची सर्वांत जास्त लाज वाटत होती, याचे मला अजून वाईट वाटते.

अक्षरांसाठी वेगळी वही करावी. चीनमधली मुले ज्या चौकटींच्या कागदावर अक्षरे गिरवतात, त्याचे नाव शेत या अर्थाच्या अक्षरावरून पडले आहे. ते अक्षर म्हणजे एक चौकोन आणि त्यात अधिक चिन्ह, जणू चार बांधांच्या आतले चार वाफे. असा कागद आपल्याकडे सहज मिळत नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलांची गणिताची चौकटीची वही घ्यावी, चार लहान चौकटी मिळून एक मोठी धरावी आणि तिच्या कडा लाल पेनाने ठळक कराव्यात. अक्षर मोठ्या चौकटीत असे बसवावे की मधल्या दोन रेघांवरून त्याचा तोल कळेल. रेघांचा क्रम ठरलेला असतो: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, बाहेरची चौकट आधी, आतला मजकूर मग, आणि चौकटीची खालची रेघ सर्वांत शेवटी. हा क्रम पाळला तर हाताला अक्षर आठवते, आणि मोबाइलवर बोटाने लिहून शोधतानाही ते लवकर सापडते.

दिवसाला पाच अक्षरे पुरेत. पण ती सुटी पाठ करू नयेत, त्यांचे अवयव ओळखावेत. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक भाग अर्थाकडे आणि एक भाग उच्चाराकडे बोट दाखवतो. घोडा हे 'मा'चे अक्षर एकदा नीट गिरवले की पुढचे काम हलके होते: त्याच्या डावीकडे स्त्रीचे चिन्ह ठेवले की आई, तोंडाचे चिन्ह ठेवले की वाक्याच्या शेवटी येणारा प्रश्नार्थक 'मा', आणि घोड्याच्या डोक्यावर दोन तोंडे ठेवली की शिवी देणे. येथे घोड्याचा अर्थाशी संबंध नाही, तो केवळ आवाज देतो. आपल्या वर्गात रेघा कमी करून सोपी केलेली अक्षरे शिकवतात की पारंपरिक, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. चीनमध्ये सोपी चालतात, तर तैवान आणि हाँगकाँग येथे पारंपरिक. मोबाइलवर फिनयिन टाइप करून अक्षर निवडता येते, ते जरूर करावे, परंतु पहिल्या सत्रात हाताने लिहिणे सोडू नये. लेखणी उचलली आणि अक्षरच विसरले, अशा अर्थाचा वाक्प्रचार चिनी लोकांच्याच बोलण्यात आहे.

व्याकरणाला घाबरण्याचे कारण नाही. लिंग नाही, वचनाची रूपे नाहीत, क्रियापदाला पुरुषाप्रमाणे प्रत्यय नाहीत. 'मी उद्या जळगावात केळी विकत घेतो' या वाक्यात चिनी माणूस एवढेच करतो की केळी शेवटी नेतो. काळ आणि स्थळ आपल्यासारखेच क्रियापदाच्या आधी येतात. आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावून प्रश्न करतो, ते 'मा' लावतात. तारीख मात्र वर्ष, महिना, दिवस अशी मोठ्याकडून लहानाकडे जाते.

'ल' हा एक छोटा शब्द मात्र मुद्दाम समजून घ्यावा, कारण इंग्रजीतून शिकवणारी पुस्तके बऱ्याचदा त्याला भूतकाळाची खूण म्हणून टाकतात आणि विद्यार्थी गोंधळतो. निघताना चिनी माणूस 'वो चोउ ल' म्हणतो, 'चोउ'तला 'च' चाकातला. तो अजून दारातच उभा असतो. पण आपणही चपला घालता घालता 'बरं, निघाले मी' असेच म्हणतो. पहिला थेंब पडताच आपण 'पाऊस आला' म्हणतो, तेथेही चिनीत 'ल' येतो. आधी नव्हते ते आता झाले, स्थिती बदलली, हे सांगण्यासाठी तो आहे. मराठीत ही जाण आधीच असताना ती इंग्रजीच्या काळांच्या तक्त्यातून शोधायला जाऊ नये.

मोजण्याच्या शब्दांचेही तसेच आहे. चिनीत 'तीन पुस्तके' असे थेट म्हणत नाहीत. संख्या आणि वस्तू यांच्यामध्ये त्या वस्तूचा मापशब्द लागतो, पुस्तकांना एक, कागदासारख्या सपाट वस्तूंना दुसरा, नदी-रस्त्यासारख्या लांबट गोष्टींना तिसरा. केळीच्या पट्ट्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आपण झाडावर घड म्हणतो, घडातून फण्या काढतो, फणीतून केळ सुटे करतो, आणि यांपैकी एकाऐवजी दुसरा शब्द वापरत नाही. चिनीतही एका केळाचा आणि फणीचा मापशब्द वेगळा आहे. प्रत्येक नवे नाम त्याच्या मापशब्दासह लिहावे, सुटे लिहू नये.

आकड्यांत चिनी आपल्यापेक्षा सोपी आहे, कारण पंचेचाळीस म्हणजे चार-दहा-पाच. अडचण मोठ्या आकड्यांत येते. दहा हजारांना 'वान' असा स्वतंत्र शब्द आहे आणि पुढची मोजणी त्याच्याच पटीत चालते. आपला लाख म्हणजे दहा वान, आपला कोटी म्हणजे हजार वान. येथे इंग्रजी मिलियनमध्ये न शिरता थेट लाखातून वानात जाण्याचा सराव करावा. घरच्या शेतमालाच्या पट्टीवरचे आकडे यासाठी चांगले.

शब्द पाठ करताना जोडशब्द फोडून पाहावेत. विजेचा मेंदू म्हणजे संगणक, विजेचे बोलणे म्हणजे दूरध्वनी, आणि आगीची गाडी म्हणजे रेल्वे. भुसावळच्या घरांतून जुनी माणसे अजूनही आगगाडी म्हणतात, तोच हा शब्द. बौद्ध ग्रंथांबरोबर आपल्याकडून तिकडे गेलेले शब्दही आहेत: संस्कृत 'क्षण' तेथे 'छाना' होऊन नांदतो आणि 'ध्यान' हा 'छान' होतो. नात्यांची नावे तर आपल्याला सोपी वाटतात, कारण काका आणि मामा, आत्या आणि मावशी, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ हे सर्व तेथेही वेगळेच आहेत.

वर्गात प्रत्येकाला चिनी नाव घ्यावे लागते. त्यात आडनाव आधी येते. आवाज जुळवण्यासाठी वाटेल ती अक्षरे जोडू नयेत, शिक्षकांना अर्थ विचारावा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिनी नाव 'ख तिहुआ' आहे. 'ख' हे खरे चिनी आडनाव असून ते कोटणीस या नावाच्या सुरुवातीशी जुळते, आणि शेवटच्या 'हुआ'चा अर्थ चीन असा होतो. चांगले नाव असे घडते.

सत्राच्या शेवटी लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही असते आणि तीत नाव, गाव, घरची माणसे, आवडीचे पदार्थ असेच प्रश्न येतात. या विषयांवर प्रत्येकी आठ वाक्ये आधीपासून लिहून, तपासून घेऊन, पाठ न करता बोलता येतील इतकी घोळवावीत. भरीत सांगायचे असेल तर वांग्याचा शब्द 'छ्येच' असा आहे, त्यातला 'च' चाकातला. चीनमध्ये छायाचित्र काढताना सगळे हाच शब्द म्हणतात, त्यामुळे तो विसरत नाही. आणि एक वाक्य सर्वांत आधी तोंडात बसवावे: 'छिंग चाय ष्वो यी प्येन', 'चाय'चा 'च' चाकातला, म्हणजे 'कृपया पुन्हा एकदा सांगा'. पहिला सूर कोणता आणि चौथा कोणता, हे या वाक्यात कधीही चुकू देऊ नये. माझ्या तोंडी परीक्षेत मी ते दोनदा म्हटले, आणि दोन्ही वेळा परीक्षकांनी प्रश्न सावकाश पुन्हा विचारला.